जुन्या चित्रात नवा पाहुणा

ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात विकलं गेलेलं निसर्गचित्र परत आलं. दुकान ‘हाउसिंग वर्क्स’ या संस्थेचं. एड्सग्रस्त आणि बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या या संस्थेला लोक घरातल्या नकोशा वस्तू देतात आणि त्यांच्या विक्रीचा पैसा तिच्या कामी येतो. तळं, पलीकडे डोंगर, शरदातली पिवळी-तांबडी झाडं असं ते चित्र तिथूनच ५० डॉलरला गेलं होतं. परत आलं तेव्हा तळ्याकाठी एक बाक होता आणि त्या बाकावर नाझी गणवेशातला अधिकारी समोरचं दृश्य न्याहाळत निवांत बसला होता. मूळ चित्रकाराची सही जागच्या जागी होती. तिच्याखाली दुसरी सही होती, बँक्सीची. संस्थेने चित्र ऑनलाइन लिलावात काढलं, तेव्हा बोली ६,१५,००० डॉलरवर पोहोचली.

बातमी झाली ती आकड्याची. पण कुणीतरी टाकून दिलेलं चित्र विकत घ्यायचं, त्यात एखादी भलतीच गोष्ट रंगवायची आणि ते पुन्हा लोकांसमोर ठेवायचं, हा उद्योग बँक्सीचा शोध नव्हे. त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आज तो ज्या हौशी मंडळींच्या हाती आहे त्यांच्यातल्या बहुतेकांना कुठलंही लिलावगृह ओळखत नाही. शनिवारी दुकानं धुंडाळायची, दोन-पाच डॉलरला एखादी गावठी निसर्गशोभा घरी आणायची, रात्री तिच्यात डायनासोर किंवा उडती तबकडी रंगवायची आणि सकाळी ‘आधी’ व ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी-शेजारी लावून आपल्यासारख्याच छंदिष्टांना दाखवायचे, असा हा खेळ. या लेखनाचा विषय तोच आहे. वरवर तो खोडसाळपणा वाटतो. जवळ गेल्यावर दिसतं, की खोडी जमायची असेल तर दुसऱ्या चित्रकाराला पहिल्याचं निमूटपणे ऐकावं लागतं.

आधी कच्च्या मालाचं पाहू. इतकी बेवारस चित्रं येतात कुठून?

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत चित्र काढणं हा घरगुती छंद झाला. डेट्रॉइटच्या पामर पेंट कंपनीत काम करणाऱ्या डॅन रॉबिन्सने आकड्यांवरून रंगवायच्या चित्रांचा संच तयार केला. कॅनव्हासवर आधीच आखलेले छोटे-छोटे कप्पे, प्रत्येकात एक आकडा आणि त्या आकड्याची रंगाची डबी. ‘क्राफ्ट मास्टर’ या नावाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या या संचांचा खप लाखोंच्या घरात गेला. समीक्षकांनी नाकं मुरडली. पण २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयाने याच चित्रांचं रीतसर प्रदर्शन भरवलं.

दुसरी लाट दूरचित्रवाणीची. बॉब रॉस या मृदू आवाजाच्या चित्रकाराचा ‘द जॉय ऑफ पेंटिंग’ हा कार्यक्रम १९८३ ते १९९४ या काळात ३१ मालिकांमधून आणि ४०३ भागांमधून दाखवला गेला. ओल्या रंगावर ओला रंग चढवायच्या पद्धतीने अर्ध्या तासात डोंगर, तळं, देवदार आणि एखादी लाकडी झोपडी उभी राहायची. पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी ब्रश हातात घेतले आणि घराघरांत डोंगर-तळ्यांची रांग लागली. तिसरा पुरवठा बाजाराचा. चीनमधल्या शेन्झेनजवळ दाफेन नावाचं गाव आहे. हाँगकाँगचा व्यापारी हुआंग जियांग १९८९ मध्ये तिथे कारागीर घेऊन आला आणि पाहता-पाहता गाव तैलचित्रांचा कारखाना बनलं. हॉटेलांच्या खोल्या, दवाखाने, दिवाणखाने यांच्या भिंती भरायला तिथून चित्रं जगभर गेली.

भिंतींनाही आयुष्य असतं. घराचा मालक वारतो, हॉटेल नव्याने सजतं, सुनेला सासूबाईंचा धबधबा नकोसा होतो. मग चित्र धर्मादाय दुकानात जातं. अमेरिकेत हे काम गुडविल करते. एडगर हेल्म्स या पाद्र्याने १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये तिची सुरुवात केली. ब्रिटनमध्ये ऑक्सफॅमसारख्या संस्थांची दुकानं गल्लोगल्ली आहेत. तिथे चित्रं भिंतीला टेकवून एकामागे एक उभी असतात. गिऱ्हाईक ती चाळतं आणि बऱ्याचदा घेतं ते फ्रेमसाठी. आतलं चित्र फ्रेमसोबत फुकट आल्यासारखं.

छंदाची बीजं मात्र दुकानात नव्हे, कलेच्या इतिहासात सापडतात. १९१४ मध्ये मार्सेल द्युशाँने हिवाळी निसर्गदृश्याचं एक बाजारू छापील चित्र घेतलं, त्यावर एक लाल आणि एक हिरवा ठिपका दिला आणि चित्राला नाव दिलं ‘फार्मसी’. फ्रान्समधल्या औषधांच्या दुकानांच्या काचेत तेव्हा रंगीत पाण्याच्या बरण्या झळकत. पाच वर्षांनी त्याने मोनालिसाच्या एका स्वस्त छापील प्रतीवर मिशी आणि बोकडदाढी काढली. ती मिशी जगप्रसिद्ध झाली. खरं पाहता आजच्या छंदाला जवळचे आहेत ते दोन ठिपके. मोनालिसा सगळ्यांना ठाऊक होती. त्या हिवाळी दृश्याकडे ढुंकूनही पाहावं असं कुणाला वाटलं नसतं.

या छंदाचा खरा पूर्वज मात्र डॅनिश. आस्गर योर्न (१९१४-१९७३) हा ‘कोब्रा’ या चित्रकारगटाच्या संस्थापकांपैकी एक. १९५९ मध्ये पॅरिसच्या ‘रिव्ह गोश’ गॅलरीत त्याने ‘मॉडिफिकेशन्स’ हे प्रदर्शन भरवलं. जुन्या बाजारातून आणलेल्या अनामिकांच्या चित्रांवर त्याने आपले भडक, रांगडे आकार रंगवले होते. त्यातलं ‘अस्वस्थ करणारं बदकाचं पिल्लू’ सगळ्यांत गाजलं. शांत पाणी, काठावर टुमदार घर आणि त्या घरालाही बुटकं ठरवणारं एक अजस्र, रंगांनी माखलेलं बदक. १९६२ मध्ये त्याने अशाच चित्रांची दुसरी फेरी मांडली. तिच्यात दोरीच्या उड्यांची दोरी हातात धरलेल्या एका गंभीर मुलीला त्याने दाढीमिशा बहाल केल्या. पहिल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत योर्नने संग्राहकांना उद्देशून लिहिलं, त्याचा आशय असा की जुनी चित्रं टाकू नका, त्यांच्यावर दोन फटकारे मारून त्यांना आजची करा. या लिखाणात थट्टा होती, तुच्छता नव्हती. ज्यांना रसिक मंडळी भिकार म्हणतात त्या चित्रांबद्दल योर्नला खराखुरा जिव्हाळा होता. १९४० च्या दशकापासून तो त्यांची बाजू घेऊन लिहीत आला होता.

योर्नचा मित्र, मिलानचा एन्रिको बाय, याच सुमारास बाजारू निसर्गदृश्यांत परग्रहावरच्या प्राण्यांसारखी माणसं घुसवत होता. ऑस्ट्रियाचा आर्नुल्फ रायनर चित्रं जवळजवळ पूर्ण झाकून टाकत होता. पुढे जर्मनीच्या हान्स-पीटर फेल्डमानने जुन्या प्रतिष्ठित व्यक्तिचित्रांना विदूषकाची लाल नाकं लावली, डोळे तिरळे केले. या सगळ्यांना गॅलरी होती, समीक्षक होते. दारं हौशी माणसासाठी उघडायला अजून वेळ होता.

ती उघडण्यात अमेरिकी चित्रकार जिम शॉचा वाटा मोठा. त्याने वर्षानुवर्षं जुन्या दुकानांतून चित्रं जमवली आणि १९९० मध्ये ‘थ्रिफ्ट स्टोअर पेंटिंग्ज’ हे पुस्तक काढलं. त्याने त्या चित्रांवर एकही फटकारा मारला नाही. नुसती भिंतीवर लावली आणि लोकांना दिसलं, की या अनामिकांच्या कल्पनाशक्तीत भरपूर वेडेपणा आहे. त्यानंतर दहाएक वर्षांनी वेन व्हाइट आला. टेनेसीच्या चॅटनूगाजवळ वाढलेल्या या कलावंताने मुलांच्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी बाहुल्या आणि नेपथ्य करून एमी पुरस्कार मिळवले होते. त्याने दुकानातली छापील निसर्गदृश्यं घेऊन त्यांत भलीमोठी अक्षरं रंगवायला सुरुवात केली. वाक्यं चावट, कधी कडवट. अक्षरं मात्र दगडी इमारतींसारखी दृश्यात रोवलेली. झाडांमागून निघणारी, नदीत प्रतिबिंब पाडणारी, दूर जाताना धुक्यात विरणारी. २०१२ मध्ये त्याच्यावर ‘ब्युटी इज एम्बॅरसिंग’ हा माहितीपट निघाला.

मग इंटरनेटने बाकीचं केलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा डेव्ह पोलॉट व्यवसायाने सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याने जुन्या निसर्गचित्रांत विज्ञानपटांतली यानं आणि पात्रं रंगवायला सुरुवात केली आणि पुढे तोच त्याचा व्यवसाय झाला. कॅनडाचा डेव्हिड अर्विन, अमेरिकेचा ख्रिस मॅकमहन अशी नावं याच लाटेतली. मॅकमहनच्या चित्रांत सुखवस्तू दरीखोऱ्यांत लिबलिबीत राक्षस नांदतात. त्यांची चित्रं पाहून अनेकांना वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल.

जमतं का? इथे कारागिरीचा भाग सुरू होतो.

पहिलं काम, हातातलं चित्र खरोखर रंगवलेलं आहे की छापलेलं, हे पाहणं. कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक थराचे खोटे फटकारे दिलेल्या प्रती बाजारात भरपूर आहेत. भिंग लावलं की छपाईचे ठिपके दिसतात, तिरका उजेड टाकला की फटकारे आणि आकार जुळत नाहीत. छापील प्रत बिघडली तरी दुसरी मिळते. हाताने रंगवलेली नाही. दुसरं काम स्वच्छतेचं. दिवाणखान्यात वर्षं काढलेल्या चित्रावर धूळ, सिगारेटचा धूर आणि स्वयंपाकघराची ओशट पुटं चढलेली असतात. ती काढल्याशिवाय रंग धरत नाही आणि जोरात काढली तर खालचा रंगही येतो. जुन्या तैलरंगांत, विशेषतः पांढऱ्यात, शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर घासून धूळ उडवणं धोक्याचं.

तिसरी अडचण रसायनाची. अ‍ॅक्रिलिक लवकर सुकतं, वास कमी, म्हणून हौशी माणसाला ते सोयीचं. पण ते पाण्यातलं माध्यम. तेलकट, गुळगुळीत थरावर त्याची पकड कच्ची राहते आणि काही वर्षांनी पापुद्रा सुटू शकतो. उलट अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो. म्हणून जाणकार जुन्या तैलचित्रावर तैलरंगच वापरतात आणि सुकण्यासाठी दिवसचे दिवस थांबतात.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड, कारण ती विकत मिळत नाही. मूळ चित्रात सूर्य डावीकडे असेल तर नव्या राक्षसाची सावली उजवीकडेच पडली पाहिजे. क्षितिजरेषा जिथे आहे तिथूनच त्याची उंची मोजावी लागते. तो तळ्यामागे उभा असेल तर पाण्यात त्याचं प्रतिबिंब हवं, आणि पहिल्या चित्रकाराने प्रतिबिंबं आडव्या फटकाऱ्यांनी काढली असतील तर हेही तसंच हवं. दूरचे डोंगर निळसर झाले असतील तर डोंगरामागून डोकावणाऱ्या ऑक्टोपसलाही निळसर व्हावं लागतं. ताज्या ट्यूबमधला रंग नेहमी जास्त झळझळीत असतो. त्यात थोडी माती, थोडा पिवळेपणा मिसळून त्याला चित्राच्या वयाचा करावा लागतो. पहिल्या चित्रकाराला हात काढता येत नसतील तर दुसऱ्याने हात फार सुबक काढले की पाहुणा लगेच उघडा पडतो. म्हणजे वाईट चित्रकाराची नक्कल करायची तर त्याच्या चुकाही अभ्यासाव्या लागतात. ज्या चित्रावरून दुकानातल्या शेकडो गिऱ्हाइकांची नजर नुसती घसरली, ते चित्र या कामात एक माणूस तासन्‌तास, इंचाइंचाने पाहतो.

‘आधी’चा फोटो या छंदात का लागतो, हेही इथे कळतं. पाहुणा उत्तम मिसळला असेल, तर मूळ चित्र न पाहिलेल्याला तो कधीच ओळखू येणार नाही. करामत दिसायची तर दोन्ही रूपं हवीत. शिवाय पहिलं चित्र त्या अवस्थेत पुन्हा कधीच अस्तित्वात येणार नसतं. तो फोटो त्याची एकमेव नोंद असतो. म्हणून पाहणारेही नुसती वाहवा करत नाहीत. सावली चुकलीय, हिरवा फार कच्चा वाटतो, इतक्या सुंदर चित्राला कशाला हात लावलास, असं तोंडावर सांगतात.

मराठी वाचकाला हे सगळं फार परकं वाटायचं कारण नाही. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं देवघरांत पोहोचली. अनेक घरांत बायकांनी त्या छापील देवींना जरीच्या साड्या नेसवल्या, टिकल्या आणि मणी शिवले, दागिने चढवले. अशी सजवलेली चित्रं आज मुंबईच्या चोरबाजारापासून संग्रहालयांपर्यंत आढळतात. राजस्थानात नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी तर श्रीनाथजीच्या चित्रात पूजा करणाऱ्या यजमान कुटुंबाच्या छायाचित्रांतले चेहरे कापून चिकटवले आणि बाकीचे देह रंगवले. तयार चित्रात आपली भर घालण्याची ही परंपरा भक्तीतून आलेली, थट्टेतून नव्हे. थट्टेच्या वाटेने पाऊल टाकलं ते मुंबईत जन्मलेल्या भूपेन खख्खरने. १९६५ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत झालेल्या त्याच्या पहिल्या एकल प्रदर्शनात बाजारातल्या देवदेवतांच्या छापील चित्रांचे तुकडे कोलाजमध्ये चिकटवलेले होते.

आता वादाचा मुद्दा. विकत घेतलेल्या चित्रावर मालकाला वाटेल ते करता येतं का?

अमेरिकी न्यायालयांनाही यावर एकमताने उत्तर देता आलेलं नाही. एक कंपनी पुस्तकांतली आणि भेटकार्डांवरची चित्रं रीतसर विकत घेऊन फरशीच्या तुकड्यांवर चिकटवून विकत असे. १९८८ मध्ये पश्चिमेकडच्या एका अपील न्यायालयाने हा स्वामित्वहक्काचा भंग ठरवला. १९९७ मध्ये तशाच प्रकारात, त्याच कंपनीबाबत, शिकागोच्या अपील न्यायालयाने भंग नाही असा निकाल दिला. १९९० च्या अमेरिकी कायद्याने चित्रकाराला, त्याच्या लौकिकाला बाधा आणणाऱ्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्कही दिला आहे. भारतात १९५७ च्या कायद्याचं ५७ वं कलम हेच सांगतं, आणि ते पुस्तकी नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेलं भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकलं, त्यात त्याचे तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष आणि पाच लाख रुपयांची भरपाई सहगल यांना देवविली. हौशी मंडळी बहुतेक वेळा सुटतात ती मूळ चित्रकार अनामिक असतो म्हणून.

कायद्यापलीकडेही प्रश्न आहेत. २००३ मध्ये जेक आणि दिनोस चॅपमन या ब्रिटिश भावांनी गोयाच्या युद्धचित्रांचा ८० छापांचा अस्सल संच घेतला आणि त्यातल्या बळींच्या तोंडांवर विदूषकांचे आणि कुत्र्याच्या पिल्लांचे चेहरे रंगवले, तेव्हा अनेक कलाप्रेमींचा संताप झाला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये एका बाईने जुन्या दुकानातून चार डॉलरला एक चित्र उचललं. ती फ्रेमच शोधत होती. ते नामवंत चित्रकार एन. सी. वाएथ यांचं निघालं आणि २०२३ च्या लिलावात त्याची किंमत १,९१,००० डॉलर ठरली. त्यात कुणी उडती तबकडी रंगवली असती तर? म्हणून या छंदातले जबाबदार लोक आधी सही तपासतात, मागची चिठ्ठी वाचतात, नाव शोधतात. मूळ सही पुसत नाहीत. खरोखर चांगलं चित्र हाती आलं तर तसंच भिंतीवर लावतात.

आणि बदललेलं चित्र पुन्हा कुणी बदललं तर? एप्रिल २०२२ मध्ये डेन्मार्कच्या सिल्केबोर्ग इथल्या योर्न संग्रहालयात एका व्यक्तीने ‘अस्वस्थ करणारं बदकाचं पिल्लू’ या चित्रावर स्वतःचं छायाचित्र चिकटवलं आणि जाड मार्करने सही ठोकली. योर्नने केलं तेच आपण केलं, असा बचाव कुणी मांडू शकेल. पण योर्नने चित्र विकत घेतलं होतं, ते घेताना त्याकडे नीट पाहिलं होतं आणि त्याचं बदक त्या पाण्यात, त्या उजेडात उभं होतं. संग्रहालयाने तक्रार केली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शिक्षाही झाली.

या विषयाच्या तपशिलात शिरताना वाचकाने एक साधी सवय लावून घ्यावी. जोडीतलं ‘आधी’चं चित्र अगोदर पाहावं आणि त्यावर ‘नंतर’च्या चित्राइतकाच वेळ घालवावा. उजेड कुठून येतोय, रस्ता कुठे जातोय, चित्रकाराला काय नीट जमलंय आणि कुठे त्याने झाडाची फांदी आणून अडचण झाकलीय, हे टिपावं. मग पाहुण्याकडे वळावं. त्याने ती फांदी वापरली की तिच्यावरून रंग फिरवला, सावली पाळली की विसरला, यावरून दुसऱ्या चित्रकाराचं मोजमाप होईल. पहिल्याचंही होईल, कारण अनेक जोड्यांमध्ये तळ्याकाठची ती साधी, कुणाला नको झालेली झाडं पाहुण्यापेक्षा जास्त चांगली रंगवलेली निघतात.